चोप, पेंग आणि जुने मित्र

प्रवासात जुने मित्र एकत्र जेवायचे ठरवतात तेव्हा एखादे बरे हॉटेल गाठले जाते, एक जण मेनूकार्ड ताब्यात घेतो आणि बाकीचे त्याच्या निवडीला नावे ठेवत पोटभर जेवतात. सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये ही सोय नाही. तिथे मेनूकार्ड नसते, वेटर नसतो आणि सगळ्यांचे मिळून एक बिलही नसते. शंभरेक टपऱ्या, एक गोल टेबल आणि पाच मते एवढ्या भांडवलावर जेवण उभे करावे लागते. त्या महागड्या शहरात पोट भरण्याचा हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे; मैत्रीला मात्र तो बराच महाग पडू शकतो.

या जेवणाला लागणारे मनुष्यबळ ठरलेले असते. नोकरीनिमित्त वीसेक वर्षांपूर्वी तिकडे गेलेला एक यजमान मित्र, वसतिगृहात त्याच्या आजूबाजूच्या खोल्यांत राहिलेले तीन-चार पाहुणे मित्र, आणि बायकामुलांना मुस्तफा नावाच्या अवाढव्य दुकानात खरेदीला सोडल्यामुळे मोकळी झालेली दुपार. पाहुण्यांपैकी एक शाकाहारी असतो, एकाला साखरेचा त्रास असतो, एक जण निघण्यापूर्वी इंटरनेटवर सगळे वाचून आलेला असतो आणि एकाला भूक नसते. हा शेवटचा इसम सर्वांत जास्त जेवतो. त्याची हकीकत पुढे येईल.

हॉकर म्हणजे फेरीवाला. सिंगापूरचा हॉकर मात्र आता फिरत नाही. पूर्वी तो फिरत असे. खांद्यावर कावड किंवा पुढ्यात हातगाडी घेऊन रस्त्याच्या कडेला नूडल्स शिजवत असे. त्याला नळ नव्हता आणि खरकटे पाणी गटारात जाई. १९६८-६९ मध्ये सरकारने या लोकांची नोंदणी केली तेव्हा संख्या अठरा हजारांच्या आसपास भरली. मग १९७१ ते १९८६ या काळात त्यांना टप्प्याटप्प्याने रस्त्यावरून उचलून छपराखाली बसवले. प्रत्येकाला नळ, मोरी, पंखा आणि गाळा क्रमांक मिळाला. मुंबईत पालिकेची गाडी कोपऱ्यावर दिसताच टोपली डोक्यावर घेऊन पळणारा फेरीवाला ज्याने पाहिला आहे, त्याला हे सारे परीकथेसारखे वाटते, आणि पाहुण्यांपैकी कोणीतरी 'आपल्याकडे हे का होत नाही' हा विषय काढतोच. त्याला तिथल्या तिथे थांबवावे. नाहीतर जेवण राहते बाजूला.

आज अशी शंभराहून अधिक सेंटरे आहेत. डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने सिंगापूरच्या हॉकर संस्कृतीला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. योग (२०१६) आणि कुंभमेळा (२०१७) याच यादीत आहेत. दुपारी साडेबारा वाजता एखाद्या सेंटरमध्ये शिरणाऱ्याला कुंभमेळ्याशी असलेले नाते ताबडतोब कळते. योगाशी असलेले नाते बसायला गेल्यावर कळते. स्टुले जमिनीला कायमची ठोकलेली असतात, त्यामुळे टेबल आणि स्टूल यांच्यातले अंतर बदलत नाही. ते वसतिगृहात असतानाच्या पोटाला व्यवस्थित पुरले असते.

पहिला वाद कुठे जायचे यावर होतो. यजमान शाकाहारी मित्राकडे पाहून टेक्का सेंटर सुचवतो. ते लिटल इंडियात आहे, तिथे डोसा आहे, बिर्याणी आहे, आपल्या पराठ्याची सातासमुद्रापलीकडची बहीण रोटी प्राटाही आहे. सूचना एकमताने फेटाळली जाते. "साडेपाच तास विमानात बसून डोसा खायचा? डोसा कोथरूडात नाही का मिळत?" हा युक्तिवाद बिनतोड असल्याने मंडळी चायनाटाऊनजवळच्या मॅक्सवेल फूड सेंटरकडे वळतात. ते बुद्धाच्या दाताच्या मंदिरासमोर आहे. आसपास कचेऱ्या आहेत, म्हणजे बारा ते दीड या वेळात तिथे पाय ठेवायला जागा नसते. मंडळी बरोबर साडेबाराला पोचतात. सिंगापूरचे घड्याळ भारताच्या अडीच तास पुढे असल्याने रात्रीच्या विमानाने आलेल्या पोटांत तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात आणि त्यांना जेवण नव्हे, पोहे हवे असतात.

आता जागा धरायची. सिंगापूरमध्ये या क्रियेला 'चोप' म्हणतात. मराठी माणूस हा शब्द ऐकून एक पाऊल मागे सरकतो. पण इथे कोणी कोणाला चोप देत नाही, टेबलाला देतात. टिश्यू पेपरचे छोटे पाकीट रिकाम्या टेबलावर ठेवले की ते टेबल त्या माणसाचे. मग तो खुशाल रांगेत जाऊन उभा राहतो आणि कोणी पाकिटाला हात लावत नाही. छत्री, कचेरीचे ओळखपत्र, अर्धी प्यालेली पाण्याची बाटली यांनाही तोच मान आहे. कायद्यात याला आधार नाही, तरी कायद्यापेक्षा हा नियम जास्त पाळला जातो. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरलेल्या पिढीला हे तंत्र समजावून सांगावे लागत नाही. फरक एवढाच, की एसटीत रुमालाच्या मागोमाग मालकालाही खिडकीतून आत यावे लागे, कारण रुमालाच्या शब्दावर कोणाचा विश्वास नसे. म्हणूनच पाहुण्यांपैकी एक जण पाकीट ठेवूनही टेबलापाशी पहारा देत बसतो. यजमान त्याला परोपरीने सांगतो, "अरे, कोणी नाही घेत इथे." तो हलत नाही. त्याची सीट १९८९ साली परीक्षेला जाताना स्वारगेटला गेलेली असते.

यापुढचे काम म्हणजे टपऱ्यांची पाहणी. ती पाच मिनिटांत होईल असे सर्वांना वाटते. ती अर्धा तास चालते. पाटीवरची चित्रे एकसारखी असतात, नावे चार भाषांच्या वळणाची असतात आणि ज्या टपरीपुढे रांग नाही तिथले खाऊ नये असा यजमानाचा सिद्धान्त असतो. सिंगापूरमध्ये रांग हीच जाहिरात आहे. रॉकेलच्या आणि रेशनच्या रांगांत बालपण काढलेल्या माणसांना रांगेत कशी मौज असू शकते हे पटत नाही. त्यांच्या मते रिकामी टपरी दिसली की देवाचे आभार मानून तिथे जावे.

इंटरनेट वाचून आलेला मित्र मात्र चिकन-राइसच्या तिआन तिआन या टपरीपुढच्या रांगेचे शेपूट शोधत असतो. शिवाय त्याला मिशेलिन तारा हवा असतो. २०१६ मध्ये सिंगापूरच्या दोन हॉकर टपऱ्यांना हा तारा मिळाला होता. त्यांतली एक पलीकडच्याच चायनाटाऊन कॉम्प्लेक्समधली होती, चान होन मेंग यांची. जगातले सर्वांत स्वस्त तारांकित जेवण म्हणून ती गाजली. २०२१ मध्ये तिचा तारा गेला. एवढी माहिती त्याने सांगून होईपर्यंत वाहन उद्योगात तीस वर्षे काढलेला दुसरा मित्र मूळ मुद्द्याला हात घालतो : "मिशेलिन म्हणजे टायरवालेच ना? त्यांना जेवणातलं काय कळतं?" या प्रश्नाचे उत्तर आजवर कोणी दिलेले नाही.

पेयांची टपरी वेगळी असते, आणि तिथे जाण्यापूर्वी थोडे व्याकरण शिकून घ्यावे लागते. मूळ धातू 'कोपी', म्हणजे कॉफी. नुसते कोपी म्हटले तर डब्यातले गोड आटवलेले दूध घातलेली कॉफी येते. 'कोपी-ओ' म्हटले की दूध जाते, साखर राहते. 'कोपी-सी' म्हटले की बिनगोड आटीव दूध येते आणि साखर वेगळी पडते. यापुढे प्रत्यय लागतात. 'कोसोंग' म्हणजे साखर शून्य, 'सिउ दाय' म्हणजे साखर बेताची, 'गाउ' म्हणजे कडक, 'पो' म्हणजे पांचट. कोपी काढून त्या जागी 'तेह' ठेवले की हेच सगळे चहाला लागू होते. प्रत्ययांचा क्रम ठरलेला असतो आणि गल्ल्यावरचा माणूस तो ऐकता ऐकता तीन पेले भरतो. मोरो केशव दामल्यांना हे प्रकरण हाती लागते तर त्यांनी शास्त्रीय मराठी व्याकरणाला एक परिशिष्ट जोडले असते.

सर्वांत शेवटी लागणारा प्रत्यय म्हणजे 'पेंग'. पेंग म्हणजे बर्फ. रात्रीच्या विमानात झोप न झालेल्या माणसाला अशा वेळी भर दुपारी पेंग येत असते, आणि यजमान त्याला सांगतो की पेंग घे, म्हणजे पेंग जाईल. या वाक्यावर पाच मिनिटे हसणे होते. ते तितके विनोदी नसते. पण त्या टेबलावर तीस वर्षांपूर्वीच्या मापाने हसण्याची पद्धत असते. साखरेचा त्रास असलेला मित्र चार वेळा घोकून 'कोपी-ओ कोसोंग पेंग' बिनचूक म्हणतो आणि टाळ्या घेतो. काळी, बिनसाखरेची, गार कॉफी समोर आल्यावर त्याला कळते की व्याकरण शुद्ध असले म्हणून वाक्य गोड लागतेच असे नाही.

कटिंगची संकल्पना तिथे नाही. तरी पाहुण्यांपैकी एक जण खुणेने ती मागतो, मिळत नाही, मग एक कोपी आणि एक रिकामा पेला मागतो. गल्ल्यावरचे गृहस्थ त्याच्याकडे क्षणभर पाहतात. तिथे विक्रेत्याला 'अंकल' आणि विक्रेतीला 'आंटी' म्हणण्याचा रिवाज आहे. कँटीनच्या मामाला आणि खाणावळीच्या मावशीला हाक मारत वाढलेल्यांना त्यात नवल वाटत नाही. बरेच हॉकर साठीच्या घरातले असतात. पंचावन्न वर्षांचा पाहुणा मोठ्या आदराने "अंकल" म्हणतो आणि गल्ल्यावरून तितक्याच आदराने उत्तर येते, "येस, अंकल." तिथून परतताना तो बराच वेळ बोलत नाही.

या टपरीवर 'मायलो डायनासोर' नावाचाही एक पदार्थ मिळतो. थंडगार मायलो पेलाभर, आणि वर न विरघळवलेली चमचाभर मायलोची पूड. प्रत्येक वसतिगृहात दुसऱ्याच्या डब्यातला बोर्नव्हिटा कोरडा खाणारा एक मुलगा असतो. तो पुढे मोठ्या कंपनीत उपाध्यक्ष झालेला असला तरी हा पेला पाहिल्यावर त्याचा चेहरा लपत नाही. जो गुन्हा त्याने चार वर्षे अंधारात केला, तो इथे दिवसाढवळ्या पाटी लावून विकला जात असतो.

ट्रे येऊ लागतात ते एकदम नव्हे. प्रत्येक जण वेगळ्या रांगेतून वेगळ्या वेळी परततो. पहिल्याचे जेवण संपत आले तरी शेवटचा रांगेतच असतो. एकत्र जेवायला म्हणून आलेले पाच जण प्रत्यक्षात पाळीपाळीने जेवतात, आणि हे टाळण्याचा एकच उपाय आहे तो म्हणजे आधी आलेल्याच्या ताटात सर्वांनी हात घालणे. उष्टे-खरकटे हा विचार पहिल्या चमच्यापर्यंत टिकतो. त्यानंतर 'चार कुय तेओ' नावाच्या नूडल्स, लाक्सा, लालभडक मी गोरेंग यांच्यात पाच चमचे आणि दोन चॉपस्टिक मोकळेपणाने फिरतात. भूक नसलेला मित्र इथे आपले कसब दाखवतो. त्याने स्वतः काही मागवलेले नसते. तो 'नुसती चव बघत' असतो. चव एकदा बघून भागत नाही, कारण पहिल्या घासाला तोंडात आधीच्या ताटाची चव असते. वसतिगृहातल्या मेसमध्येही तो असाच चव बघत असे, आणि त्याचे मेसचे पैसे कोण भरत असे हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

साते, म्हणजे काडीला टोचून भाजलेले मांसाचे तुकडे, मागवल्या असतील तर गणिताची अडचण येते. त्या दहाच्या हिशेबात येतात आणि खाणारे चौघे असतात. शेवटच्या दोन काड्या शेंगदाण्याच्या रस्स्यासह बशीत पडून राहतात. "घे रे." "तू घे." "मला बास." हे शिष्टाचार कॉलेजात नव्हते, ते मधल्या काळात, सासरी आणि कचेरीत, अंगाला चिकटले. पाच मिनिटांनी त्या काड्या गेलेल्या असतात. चव बघितली गेलेली असते.

शाकाहारी मित्राची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी. तो सर्वप्रथम चिकन-राइसमधले चिकन वगळून नुसता भात मागायचे ठरवतो. हा भात चिकनच्या चरबीवर परतून चिकनच्याच पाण्यात शिजवलेला असतो. या प्रकारात कोंबडी नावापुरती बाजूला असते, खरी भातात असते. मग त्याला 'कॅरट केक' अशी पाटी दिसते आणि त्याचा जीव भांड्यात पडतो. तव्यावरून जे येते ते गोड नसते, केक नसतो आणि त्यात गाजराचा अंशही नसतो. मुळा आणि तांदळाचे पीठ एकत्र वाफवून त्याचे तुकडे अंड्यात परतलेले असतात. चिनी बोलीत मुळा आणि गाजर यांचे नाव एकाच कुळातले, म्हणून भाषांतरात मुळ्याचे गाजर झाले. गाजराची पुंगी वाजली नाही तर मोडून तरी खाता येते. इथे ती गाजराचीच नसते. अंडे दिसताच तो बशी पुढे सरकवतो आणि चव बघणारा ती अडवतो.

तिसऱ्या वेळी तो रोजाक निवडतो. रोजाक ही भेळेची चुलतबहीण आहे. अननस, काकडी, तळलेल्या पिठाचे तुकडे, वर दाण्याचे कूट, आणि चिंचगुळाच्या चटणीसारखा दिसणारा काळा दाट रस. हा रस कोळंबीच्या आंबवलेल्या लगद्याचा असतो. तोंडापर्यंत गेलेला चमचा यजमानाच्या किंकाळीने हवेतच थांबतो, आणि पुढची वीस वर्षे सांगितली जाईल अशी एक गोष्ट जन्माला येते.

अखेरीस त्याची सोय चिनी बौद्ध शाकाहारी टपरीवर लागते. अशी टपरी बहुतेक सेंटरांत सापडते, आणि तिथे मांसमच्छी तर नाहीच, कांदा-लसूणही नसतो. चातुर्मास पाळणाऱ्या आजीलाही तिथे डोळे मिटून बसवता येईल. डोळे उघडून मात्र नाही. कारण काचेमागे बदक, डुक्कर आणि मासा ओळीने मांडलेले असतात. ते सर्व गव्हाच्या चिकातून आणि सोयाबीनमधून केलेले असतात, पण बदकाच्या कातडीवरचे खड्डेसुद्धा हुबेहूब असतात. इथे तत्त्व आणि पोट यांची गाठ पडते. शाकाहारी मित्र पूर्णपणे शाकाहारी बदकाकडे पाहतो आणि त्याला ते जात नाही. ते मांसाहारी मित्र संपवतात आणि बदक बरे होते म्हणून सांगतात. तो शेवटी भात आणि कोबी खातो, आणि टेक्काला गेलो असतो तर बरे झाले असते हे एका शब्दानेही बोलत नाही. त्याचे न बोलणे टेबलभर ऐकू येते.

गर्दीत कोणीतरी अनोळखी गृहस्थ मोकळ्या स्टुलाकडे बोट दाखवून परवानगी विचारतात आणि मान हलताच येऊन बसतात. भाषा कळण्याचा प्रश्न नसल्याने मित्रमंडळी एका समान ओळखीच्या माणसाची प्रकरणे मोठ्याने चालू ठेवतात. हे धोक्याचे आहे. त्या शहरात महाराष्ट्र मंडळ आहे, तिथे गणपती बसतो, आणि कोणत्या टेबलावर कोणाला मराठी येत असेल याचा नेम नाही. नूडल्स संपवून उठताना शेजारच्याने शांतपणे "चालू द्या" म्हटल्यावर जी शांतता पसरते, ती त्या सेंटरमध्ये एरवी मिळत नाही.

पैसे कोणी द्यायचे हा मराठी मित्रभोजनातला शेवटचा अंक. हॉटेलात तो रंगतो : एकाच बिलावर चार हात पडतात, वेटरचा खिसा फाटायची वेळ येते, आणि कोणीतरी हात धुण्याच्या निमित्ताने आधीच गल्ल्यावर जाऊन पैसे भरून आलेला असतो. हॉकर सेंटरमध्ये पैसे आधीच आणि प्रत्येक टपरीवर वेगळे द्यावे लागतात, त्यामुळे या अंकाला रंगमंचच उरत नाही. मग तो सुट्यासुट्या ठिकाणी होतो. यजमान प्रत्येक रांगेत पाहुण्यामागे धावत जाऊन मोबाइल पुढे करतो. पाहुणा सकाळीच बदलून आणलेली पन्नासची नोट फडकावतो. मागे उभे असलेले कचेरीतले लोक घड्याळ बघतात. दोन-चार ठिकाणी दोघांचेही पैसे घेतले जातात आणि परत दिले जातात.

याच वेळी डॉलरचे रुपये करणारा मित्र कामाला लागतो. एका डॉलरला पासष्ट रुपये धरले तर दीड डॉलरची कोपी जवळजवळ शंभर रुपयांना पडते, आणि ती त्याच्या घशाखाली उतरत नाही. जेवण संपल्यावर तो पुन्हा बेरीज करतो. पाच माणसे, तीन फेऱ्या, एक वाया गेलेला रोजाक, सगळे मिळून काही हजार. पुण्यात एवढ्यात काय येते याचा विचार करून तो गप्प बसतो, आणि आइस काचांग मागवायला हरकत नाही असे स्वतः होऊन सुचवतो. बर्फाचा किस, वर रंगीत पाक, आत शिजवलेला राजम्यासारखा दाणा आणि मका. गोळेवाल्याकडे उभे राहून तोंड रंगवलेल्यांना याची ओळख करून द्यावी लागत नाही. पाच चमचे, एक वाडगा. साखरेचा त्रास असलेला मित्र तेवढ्यापुरता बरा होतो.

जेवणानंतर उठून चालू लागणे हा तिथे गुन्हा आहे. १ सप्टेंबर २०२१ पासून आपला ट्रे आपण मांडणीवर नेऊन ठेवणे सक्तीचे झाले. पहिल्यांदा चुकणाऱ्याला लेखी समज मिळते, दुसऱ्यांदा तीनशे डॉलरचा दंड होतो. रुपये करणारा मित्र हा आकडा सर्वांत जलद सोडवतो आणि सर्वांत आधी उठतो. सक्तीचे दुसरे कारण छपराच्या कडेवर बसून असते : टेबल सोडून माणूस दोन पावले गेला की साळुंख्या उरलेल्या नूडल्सवर तुटून पडतात. मांडण्या दोन असतात, हलाल ताटांची एक आणि बाकीच्यांची दुसरी, आणि कोणते ताट कुठे जाईल यावर शेवटचा वाद होतो. घरी पाण्याचा पेलाही न उचलणारे गृहस्थ खरकट्याचा ट्रे दोन्ही हातांनी सांभाळत चालू लागतात, तेव्हा एक जण तो फोटो काढून थेट मुस्तफामध्ये पाठवतो. उत्तर अर्ध्या मिनिटात येते, आणि परत गेल्यावरच्या कामांची वाटणी त्यातच झालेली असते.

निघताना टेबलावरचे टिश्यूचे पाकीट आठवणीने उचलावे. ते तसेच राहिले, तर आपण विमानतळावर पोचेपर्यंत ट्रे हातात घेतलेली माणसे त्या रिकाम्या टेबलाभोवती उभी राहतील आणि एकही जण बसणार नाही.